क्राउन व्हील

गेल्या श्रावणात मी माझ्या ओव्हनमध्ये एक पोलादी दातेरी चाक तापवलं. शंभर अंशांवर, चांगला तासभर. एरवी त्या ओव्हनमध्ये नानकटाई होते, पर्युषण संपलं की बिस्किटांचे डबे भरतात, जाऊबाईंच्या नातवाच्या वाढदिवसाला बिनअंड्याचा केक होतो. सासूबाईंचं वय शहाऐंशी. त्या दिवसापासून त्यांनी ओव्हनमधलं काही तोंडात घातलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, "लोखंडाचा वास येतोय की." मी चार वेळा सोड्यानं पुसलाय. मला तरी वास येत नाही.

चाकाचं नाव क्राउन व्हील. आमच्या लेकीच्या गाडीच्या गिअरबॉक्समधलं. ते माझ्या स्वयंपाकघरापर्यंत कसं आलं ते सांगायचं तर आधी गाडीचं सांगायला पाहिजे, आणि गाडीचं सांगायचं तर चोर्ल्याचं.

गाडी म्हणजे स्कोडाची जुनी ऑक्टाव्हिया आरएस. टर्बो इंजिन, दीडशे अश्वशक्ती, आणि ती सगळी पुढच्या दोन चाकांना जुंपलेली. लेक पुण्यात एका कंपनीत इंजिनिअर आहे. तिनं ही गाडी सेकंडहँड घेतली, स्वतःच्या पैशानं, आणि घेऊन झाल्यावर आम्हाला सांगितलं. स्थळं बघण्याचे दिवस होते. एका ठिकाणच्या बाईंनी फोनवर विचारलं, "मुलीला गाड्यांचा नाद आहे म्हणे?" मी म्हटलं, "छे हो, नाद कसला, ऑफिसला जायला लागते." ते स्थळ गेलं त्याचं मला काही वाटत नाही. त्या उत्तराचं वाटतं.

चोर्ल्याची गोष्ट त्याच्या आदल्या पावसाळ्यातली. म्हापशाला माझ्या बहिणीकडे आम्ही दोघीच गेलो होतो. परत येताना साखळी सोडून घाट चढायला लागलो तेव्हा पाऊस असा की पुढचा वायपर कमी पडत होता. एका उजव्या हेअरपिन वळणावर लेकीनं दुसऱ्या गिअरमध्ये पाय दिला आणि आतल्या बाजूचं चाक जागच्या जागी गरगरलं. आवाज आला, शिलाई मशीनचा दोरा तुटल्यावर मशीन मोकळं धावतं ना, तसा. गाडीचं नाक वळणात जायच्या ऐवजी सरळ कठड्याकडे निघालं. तिनं पाय काढला, चाकानं पुन्हा रस्ता धरला, स्टिअरिंगला हिसका बसला आणि आम्ही परत लेनमध्ये आलो. सगळं मिळून दोन सेकंदं. णमोकार मंत्राचं पहिलं पद माझ्या तोंडून पूर्ण व्हायच्या आत संपलं.

कणकुंबीला चहाला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "ओपन डिफरन्शिअल आहे ना, त्यामुळे." मी म्हटलं, "तुझा पाय जड आहे, त्यामुळे." आता एवढं सगळं बघितल्यावर सांगते, दोघींचंही बरोबर होतं.

घरी आल्यावर ह्यांनी मला समजावून सांगितलं. आमची उद्यमबागेत मशीन शॉप. छत्तीस वर्षांची. तिचे हिशेब मी घरात बसून सव्वीस वर्षं लिहिले, पण आत काय फिरतं आणि का फिरतं ते कधी विचारलं नव्हतं. हे म्हणाले, बैलगाडीला डिफरन्शिअल लागत नाही, कारण तिची दोन्ही चाकं कण्यावर आपापली फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला लांबचा रस्ता पडतो, आतल्याला जवळचा, दोघं आपापल्या चालीनं जातात. पण मोटारीत इंजिननं चाकं फिरवायची म्हणजे दोघांना एकाच ठिकाणाहून ताकद द्यायची, आणि तरी एकाला जास्त, एकाला कमी फिरू द्यायचं. ही गाठ सोडवणारी रचना पेकर नावाच्या एका फ्रेंच माणसानं १८२७-२८च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी नोंदवली. मूळचा तो घड्याळजी. हे मला फार आवडलं. आजही डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मोटारीत त्याच्या कल्पनेचं वंशज बसलेलं आहे आणि तेल बदलायची वेळ आल्याशिवाय कुणाला त्याची आठवण येत नाही.

मग त्यात वाईट काय? तर त्याचा समभाव. साधा डिफरन्शिअल दोन्ही चाकांना नेहमी सारखाच जोर देतो. काठीच्या मधोमध हंडा अडकवून दोघी जणी खांद्यावर नेतात तसं. दोघींवर वजन सारखं. पण एकीचा पाय चिखलात घसरला आणि तिनं खांदा काढला, तर दुसरी कितीही दांडगी असली तरी हंडा खालीच येणार. एका चाकाखाली ओला पाला आला, त्याला जमिनीचा आधार जेवढा उरला तेवढाच जोर दुसऱ्या चाकालाही मिळतो. आधार असलेलं चाक आधार असून रिकामं, आणि घसरणारं चाक नुसतं गरगरतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत निदान पुढची चाकं फक्त वळायचं काम करतात. पुढच्या चाकांच्या गाडीत ओढणारी तीच आणि वळणारीही तीच. ओढण्यातच सगळी पकड खर्च झाली तर वळायला काय शिल्लक राहणार? म्हणून नाक कठड्याकडे जातं.

याच्यावर उपाय म्हणून लेकीनं एक वस्तू मागवली होती. लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल, म्हणजे मर्यादित घसरणीचा. इंग्लंडमध्ये केंटला क्वाइफ नावाची कंपनी आहे, ती बनवते. २००२ साली फोर्डनं फोकस आरएस नावाची पुढच्या चाकांची जोरकस गाडी काढली तिच्यात क्वाइफचाच डिफरन्शिअल होता. आजकालच्या बऱ्याच गाड्या घसरणाऱ्या चाकाला आपणहून ब्रेक लावून थोडंफार तेच साधतात, पण ती नक्कल. ड्यूटी धरून सव्वा लाखाच्या वर गेलं. खोक्यातून निघाली ती नारळाएवढी वस्तू. हे ती हातात घेऊन बराच वेळ बघत होते. "फिनिश बघ," म्हणाले. मला फिनिशमधलं काय कळणार? मला दिसला त्यांचा उजवा हात. वस्तू जड होती, म्हणून तेवढ्यापुरता तो हलत नव्हता.

ह्यांना तीन वर्षांपूर्वी कंपवात निघाला. औषधं चालू आहेत. चालणं-बोलणं ठीक आहे, पण उजवा हात ऐकत नाही. ज्या हातानं कागदाच्या जाडीएवढं माप लेथवर नुसत्या अंदाजानं काढलं, त्या हातातला चहा बशीत सांडतो. मुलगा जर्मनीत आहे, संगणकात. त्याला शॉप नको आहे आणि त्यात त्याची चूक नाही. त्याला ती कधीच नको होती, आम्हीच त्याच्या गळ्यात अडकवत होतो. गेल्या उन्हाळ्यात शेड आणि मशीनं विकायचं ठरलं. भाद्रपद संपला की ताबा द्यायचा. म्हणजे दशलक्षणाच्या दहा दिवसांत शॉप बंद, त्यानंतर ती आमची नाही. हातात राहिला श्रावण. लेक म्हणाली, "अप्पा, मी दहा दिवस रजा टाकतो. डिफरन्शिअल आपल्या शेडमध्येच बसवूया." आमच्याकडच्या मुली घरात असंच बोलतात, येतो-जातो. पुण्यात म्हणे तिला हसतात.

सासूबाईंचा विरोध दोन मुद्द्यांवर होता. पहिला, "चातुर्मासात साधू एका गावातनं पाऊल हलवत नाहीत, पायाखाली जीव येतो म्हणून. आणि ही घाटात गाडी पळवायची तयारी करतीय!" याला उत्तर नव्हतंच. लेकीनं कबूल केलं की पर्युषणात गाडीला हात लावणार नाही. दुसरा मुद्दा तेलाचा. "त्यात घालतात ते तेल कशाचं असतंय?"

आम्हाला वाटलं म्हातारीचं काहीतरी. पण लेक गप्प झाली आणि मग तिनं सांगितलं ते ऐकून मीही हातातलं काम ठेवलं. अमेरिकेत १९७०च्या आसपासपर्यंत स्वयंचलित गिअरबॉक्सच्या आणि या मर्यादित घसरणीच्या डिफरन्शिअलच्या तेलात व्हेल माशाचं तेल घालत. स्पर्म व्हेल, तो मोठ्या डोक्याचा. मासा आपण म्हणतो इतकंच, पिलाला दूध पाजणारा प्राणी तो. कितीही दाब आणि उष्णता आली तरी ते तेल पातळ थर धरून राहायचं, त्यामुळे आतल्या घर्षणाच्या चकत्या थरथरत नसत. तो प्राणी संपत चालला म्हणून तिथं बंदी आली, आणि मग बदली तेलं शोधावी लागली. त्या शोधात जोजोबाचं तेलही होतं, आपण केसांना लावतो ते. वाळवंटी झुडपाच्या बीचं.

सासूबाई म्हणाल्या, "बघा. मी विचारतो तर हसताय."

लेकीच्या डिफरन्शिअलमध्ये चकत्या नाहीत. तिरप्या दात्यांचे छोटे गिअर खोबणींत बसवलेले असतात. दोन चाकांच्या फिरण्यात जोराखाली फरक पडायला लागला की ते गिअर तिरपेपणामुळे खोबणीच्या भिंतीवर आणि टोकांवर दाबले जातात, घासतात, आणि त्या घासण्यामुळे ज्या चाकाला पकड आहे त्याच्याकडे जास्त जोर जातो. साधं गिअर ऑइल चालतं, खास काही घालावं लागत नाही. चकत्यांचा प्रकार शर्यतीच्या गाडीत जास्त धसमुसळा काम करतो, पण पुढच्या चाकांच्या गाडीत तो स्टिअरिंग हातातून ओढतो. रोज वापरायची गाडी आहे म्हणून हा मऊ. याला एक उणेपण आहे आणि ते ह्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. घसरणाऱ्या चाकाला जेवढा आधार, त्याच्या काही पट जोर हा दुसऱ्याला देतो. पण चाक पार हवेत गेलं तर शून्याची कितीही पट शून्यच.

गाडीतून गिअरबॉक्स उतरवण्यात पहिले दोन दिवस गेले. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बोल्ट गंजले होते, बोटं सोलली, आमचे जुने मिस्त्री कंबर धरून बसले. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले आणि घरी परतलेच नाही. मला काम मिळालं. ह्यांना लिहिता येत नव्हतं आणि लेकीचे हात तेलानं भरलेले, म्हणून मी वही घेऊन स्टुलावर बसले. एवढ्या वर्षांत त्या शेडमध्ये मी दसऱ्याला मशीनांना हळदकुंकू लावायला तेवढी जात होते.

क्राउन व्हील जुन्या डिफरन्शिअलला रिव्हेटनं जोडलेलं होतं. कंपनीनं ते उघडायचा विचारच केलेला नाही. रिव्हेटांची डोकी ड्रिलनं उडवायची, मग प्रेसवर दाबून एकेक रिव्हेट बाहेर काढायचा, आणि नव्यावर तेच चाक बोल्टनं बसवायचं. ड्रिल घसरून चाकाला लागलं तर संपलं, कारण ते चाक आणि त्याला फिरवणारा पिनियन एवढी वर्षं एकमेकांवर घासून बसलेले, एक बिघडलं तर जोडी बदलायची. लेक ड्रिल धरून उभी होती. हे बाजूला खुर्चीवर. डोळे बंद. ड्रिलच्या आवाजावरनं सांगत होते, "दाब कमी... आता दे... थांब, डोकं सुटलं." आणि डोकं सुटलेलं असायचं. पहिल्या दोन रिव्हेटांना तिचे खांदे कानाला लागले होते. पाचव्यानंतर खाली आले.

मी वहीत तारीख, वेळ, रिव्हेटचा क्रमांक लिहीत होते आणि मला एक जुनी गोष्ट आठवत होती. ही नववीत होती तेव्हा सुट्टीत रोज शेडमध्ये जायची. एकदा देवळातून परस्पर माझ्यासोबत एका घरी आली आणि तिथल्या काकूंनी तिचा हात हातात घेऊन उलटा-सुलटा बघितला. नखांत काळं ग्रीस. काकू काही बोलल्या नाहीत. घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, उद्यापासून पोरीला शेडमध्ये न्यायचं नाही. ह्यांनी एका शब्दानं विरोध केला नाही. पोरगी दोन दिवस जेवली नाही. आणि त्याच सुट्टीत मुलाला लेथवर उभं केलं, जो मशीन चालू झालं की कानात बोटं घालायचा. हे मी तिला त्या दिवशी शेडमध्ये बोलून दाखवलं नाही. ड्रिल चालू होतं, ऐकूही आलं नसतं. नंतर दाखवलं. ती म्हणाली, "आई, मला ते डोहाळजेवणाच्या गोष्टीसारखं सतरा वेळा आठवून झालंय. आता तो नऊ नंबरचा पाना दे."

ओव्हन चौथ्या दिवशी. क्राउन व्हील नव्या डिफरन्शिअलच्या खांद्यावर इतकं घट्ट बसतं की थंड असताना जात नाही. तापवलं की पोलाद फुगतं, मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग, पण तेवढ्यानं काम होतं. ठोकून बसवायचं नाही, वाकडं बसतं. गॅसच्या ज्योतीवर एकीकडे जास्त तापतं, एकीकडे कमी. सगळीकडनं सारखं तापायला ओव्हनच पाहिजे. शॉपमधली भट्टी मे महिन्यातच विकली गेली होती. "आई, तुझा ओव्हन," लेक म्हणाली. मी अर्धा दिवस नाही म्हटलं. मग चाक केरोसीननं, साबणानं, गरम पाण्यानं धुऊन घेतलं, ओव्हन स्वयंपाकघरातनं उचलून मागच्या पडवीत ठेवला आणि लावला. सासूबाई देवघरात जाऊन बसल्या. तासाभरानं वेल्डिंगचे हातमोजे घालून लेकीनं चाक बाहेर काढलं, पडवीतच मांडलेल्या डिफरन्शिअलवर धरलं आणि सोडलं. टक्‌ असा एकच आवाज झाला. भाकरी तव्यावर टाकताना एका बाजूला हवा राहते की नाही, तशी बोट फिरवून फट बघितली. नव्हती. मग थंड झाल्यावर बोल्ट, समोरासमोरचे दोन-दोन, टॉर्क रेंच कट्‌ म्हणेपर्यंत.

पाचवा दिवस मापाचा. याच दिवसासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

डिफरन्शिअल गिअरबॉक्सच्या डब्यात दोन निमुळत्या बेअरिंगांवर फिरतो. बेअरिंगचा बाहेरचा कप जिथं बसतो त्याच्याखाली शिम घालतात, शिम म्हणजे पातळ पोलादी चकती. ती किती जाडीची घालायची यावर सगळं अवलंबून. पातळ पडली तर डिफरन्शिअल ढिला, दात एकमेकांवर आपटतात, घों-घों आवाज सुरू होतो. जाड पडली तर बेअरिंग आवळलं जाऊन तापतं आणि जळतं. म्हणून आधी माहीत असलेल्या जाडीची एक शिम घालून डबा बंद करायचा, डायल गेज लावायचं, डिफरन्शिअल वरखाली ढकलून किती हलतो ते बघायचं, आणि त्यात पुस्तकानं सांगितलेला दाबाचा आकडा मिळवून खरी शिम निवडायची. गेजवरची एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग.

लेकीनं डिफरन्शिअल दहा-बारा वेढे फिरवून रोलर बसवले, गेज शून्यावर आणलं, ढकललं. म्हणाली, "शून्य दशांश बेचाळीस." मी लिहिलं. पुन्हा फिरवून, पुन्हा ढकलून, त्रेचाळीस. लिहिलं. ती म्हणाली, "जुळलं. शिम काढूया."

संध्याकाळचे पाच वाजले होते. सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणजे सव्वासहापर्यंत निघायलाच पाहिजे. मलाही वाटत होतं काढावी. पण वहीतल्या त्या दोन आकड्यांकडे बघून मला बरं वाटेना. मी म्हटलं, "दोन्ही वेळा डबा उघडला होतास का मध्ये?"

"नाही. कशाला?"

"मग ती एकच नोंद दोनदा झाली. खतावणीत एकच चूक दोन्ही बाजूंना उतरली की बेरीज जुळतेच. ताळा कुठं झाला?"

लेकीनं माझ्याकडे बघितलं आणि मग अप्पांकडे. हे म्हणाले, "उघड." एवढंच. आणि मिस्त्रींकडे बघून हसले. सव्वीस वर्षांत माझ्या हिशेबाला ते असे कधी हसले नव्हते, मार्चमध्ये टॅक्स वाचवला तेव्हासुद्धा.

पुन्हा सगळे बोल्ट काढायचे, कप ओढून काढायचा. पाऊण तासाचं काम. कप निघाला तशी त्याच्या पाठीवरनं एक चमकदार कुरळी चीप खाली वर्तमानपत्रावर पडली. रिव्हेट ड्रिल केल्याची. नखाच्या चंद्रकोरीएवढी. ती कपाखाली दबून बसली होती आणि कप तेवढा वर उचलला गेला होता, म्हणून हालचाल कमी दिसत होती. लेकीचा चेहरा पडला. ह्यांनी मात्र तिला नाही, मिस्त्रींना झापलं. ड्रिलिंगचं टेबल आणि जुळणीचं टेबल एकच ठेवलं म्हणून. मिस्त्री म्हणाले, "दुसरं टेबल विकलं की मालक." मग कुणी काही बोललं नाही.

सगळं धुतलं, पुसलं, पुन्हा बसवलं. आता आकडा आला अठ्ठावन्न. उघडून, बसवून, परत घेतला. सत्तावन्न. पंधरा शतांशांचा फरक. पातळ शिम गेली असती, दोन-चार महिन्यांत ती चीप चुरून निघून गेली असती, आणि डिफरन्शिअल आत खुळखुळत राहिला असता. चोर्ल्यातच असं नाही, कुठंही. त्या दिवशी लेक आणि मी रात्रीच्या जेवणाशिवाय राहिलो. ह्यांना औषधं घ्यायची असतात म्हणून मिस्त्रींच्या मुलाबरोबर वेळेत घरी पाठवलं होतं. जायचं नाही म्हणत होते. आकडा फोनवर कळवा, या बोलीवर गेले.

बाकीच्या दिवसांचं थोडक्यात सांगते. सील नवी घातली, क्लच प्लेट आहेच उघडं म्हणून तीही बदलली, गिअरबॉक्स वर चढवताना सगळ्यांनी एकमेकांवर आरडाओरडा केला. नवव्या दिवशी गाडी जमिनीवर आली. सासूबाई बाहेर येऊन टायरखाली लिंबू ठेवू नका म्हणाल्या, आपल्यात ते नाही. णमोकार म्हटला आणि आत गेल्या.

मग आम्ही तिघं चोर्ल्याला गेलो. हे पुढं, मी मागं. पाऊस होता, गेल्या वेळेएवढा नाही. घाट उतरून केरीपर्यंत गेलो आणि वळून चढायला लागलो. तेच उजवं वळण. मी पुढच्या सीटची मूठ धरली. लेकीनं पाय दिला, गेल्या वेळेसारखा एकदम नाही, हळूहळू देत गेली. आणि गाडीचं नाक बाहेर जायच्या ऐवजी आतल्या बाजूला गेलं, दावं ओढल्यावर गाय मान वळवते तसं. इंजिन जोर लावतंय आणि गाडी त्या जोरानंच वळतीय, हे मला मागच्या सीटवर कळलं. लेक हसत होती. म्हणाली, "स्टिअरिंग हातात जड लागतंय, ओढतंय थोडं. सवय व्हायला पाहिजे."

दोन वळणं सोडून रस्त्यावर लाल माती वाहून आली होती. तिथं दोन्ही चाकं एकदम घसरली, हातभर. माझं काळीज तोंडाशी आलं. लेकीनं पाय उचलला, गाडी सावरली. ती म्हणाली, "हे का झालं?" हे म्हणाले, "नाव वाच. मर्यादित म्हटलंय. बंद म्हटलेलं नाही." मग थोडं थांबून, "टायर पण बदल. पुढचे दोन्ही झिजलेत." ती डिसेंबरात कोइमतूरला करी मोटर स्पीडवेवर गाडी घेऊन जाणार म्हणते, तिथं पैसे भरून आपली गाडी ट्रॅकवर चालवता येते. मी अजून हो म्हटलेलं नाही. तिनं विचारलेलंही नाही, सांगितलंय.

कणकुंबीला चहा घेतला. हे खाली वाकून गिअरबॉक्सच्या सांध्यावरनं बोट फिरवून आले. कोरडं.

शेडवर परत आलो तेव्हा चार वाजले होते. हे ऑफिसच्या टेबलाशी जाऊन बसले आणि मला म्हणाले, "पावती पुस्तक काढ."

"कशाला?"

"जॉब झालाय ना? बिल करायचं."

लेक म्हणाली, "अप्पा, काय हे!" पण ते चेष्टेत नव्हते. माझ्याकडच्या वहीतून तास मोजायला लावले. त्यांची मजुरी, मिस्त्रींची मजुरी, प्रेसचं भाडं, ओव्हनचं भाडं शंभर रुपये, ते माझ्या नावावर. हिशेब लिहिणारीची मजुरी धरायची राहिली, ती मीच आठवण करून दिली आणि धरली. लेकीनं दर जास्त लावला म्हणून वाद घातला, पुण्यात यापेक्षा कमी लागतात म्हणाली. "मग पुण्यातच करायचं होतंस," हे म्हणाले. शेवटी दोनशे रुपये कमी केले. तिनं फोनवरनं पैसे पाठवले. मी पावती लिहिली, त्या पुस्तकातली ती सत्तेचाळीसावी. मागे तीन कोऱ्या उरल्या.

सही त्यांनाच करायची होती. मी पुस्तक दोन्ही हातांनी टेबलावर दाबून धरलं. लेकीनं शेडचा पंखा बंद केला, कागद उडू नये म्हणून. बराच वेळ लागला. तीन अक्षरं झाली, मग थांबले, पेन पुन्हा टेकवलं आणि आडनाव पूर्ण केलं.